लांबचा आधी

पाव्हणे गिऱ्हाइकाला "काय पाहिजे?" असं कधी विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न असे, "माघारी कुठवर जायाचं?" नवखा माणूस गोंधळून जाई. मीठ घ्यायला आलेल्याला परतीची वाट कुणी का विचारावी? तो दबकत गावाचं नाव सांगे. पाव्हणे दाराबाहेर मान काढून ऊन कुठवर आलं आहे ते पाहत आणि आत वळून म्हणत, "ह्यांचं आधी बघा. पासलीला जायाचंय." मग एरवी दिवसभर पायरीवर ताटकळणारा तो माणूस सर्वांच्या आधी आपलं गाठोडं उचलून बाहेर पडे, आणि उतरताना एकदा मागं वळून बघे. हे खरंच आपल्या बाबतीत घडलं का, असं त्या नजरेत असे.

त्यांचं नाव महादू. पण ते नाव फक्त पगाराच्या दिवशी घेतलं जाई. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते 'पाव्हणं' म्हणत, म्हणून आम्ही त्यांनाच पाव्हणे म्हणू लागलो. ते वरवे बुद्रुकच्या शेतकरी घरातले. जमीन धाकट्या भावावर सोपवून वेल्ह्याला नोकरीला राहिलेले. बायको, मुलगी गावीच. आमच्याकडे त्यांचं काम रॉकेल मापायचं. कोपऱ्यातला पत्र्याचा पिंप, नरसाळं आणि माप एवढाच त्यांचा संसार. अंगाला कायम रॉकेलचा वास. जेवायला बसले की आम्ही थोडे सरकून बसत असू आणि ते आम्हांला सरकायला लागू नये म्हणून आधीच दूर बसत.

भोर संस्थान विलीन झालं, त्यानंतर चार-दोन वर्षांत वेल्ह्याला सहकारी दुकान निघालं. मी भोरला मॅट्रिक होऊन तिथं कारकून म्हणून लागलो होतो. दोन गिऱ्हाइकांच्या मधे पुस्तक उघडायची मला सवय होती. कापडावर श्रीपतराव होते. भोरच्या एका पेढीवर त्यांची उमेद गेलेली. तराजूवर दगडू. व्यवस्थापक होते मास्तर, एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर. दुकान सर्वांचं, असं उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं गेलं होतं. पण कचेरीतला शिपाई आला तरी त्याचं आधी व्हायचं, आणि डोंगरातून आलेली माणसं पायरीवर बसलेली असायची. कुणी त्यांना बसवलेलं नसायचं आणि कुणी उठवतही नसायचं. ती आपली दिसत राहायची, जशा दुकानासमोरच्या बैलगाड्या दिसत. ऊन कलायला लागलं की त्या साऱ्यांना एकदम आत घेऊन, उरलंसुरलं बांधून दिलं जाई.

मास्तरांना हे खुपायचं. "पाटी लावून काही होणार नाही," ते म्हणत. "मी शाळेत आयुष्यभर पाट्या लावल्या. 'खरे बोलावे' या पाटीखाली उभी राहून मुलं खोटं बोलायची." त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. आमच्यातलाच एक जण निवडायचा, जो आतल्या बाजूला उभा राहूनही बाहेरच्या माणसाचा असेल. हुकूम वरून आला की आम्ही तो ऐकल्यासारखं करू, पण शेजारी काम करणारा रोज डोळ्यांसमोर दिसला तर कधीतरी लाज वाटेल, असा त्यांचा हिशेब.

निवड कशी करायची, तर त्यांनी आम्हां प्रत्येकाला एकेका बाजाराच्या दिवशी बाहेर पायरीवर बसवलं. दुकानाकडं पाठ करून, गिऱ्हाइकांच्यात, काही न बोलता. संध्याकाळी विचारायचे, "काय ऐकलंत?" श्रीपतराव म्हणाले, "गर्दी फार होती, आणि कुणीतरी माझ्या धोतरावर थुंकलं." दगडू म्हणाला, "मला झोप लागली मास्तर." मी काय सांगितलं ते आता आठवत नाही, बहुधा डोंगरातल्या लोकांच्या बोलीबद्दल काहीतरी सांगितलं असावं. पाव्हण्यांची पाळी झाली त्या संध्याकाळी ते आत येऊन पिंपापाशी उभे राहिले. मग म्हणाले, "एक म्हातारी व्हती. 'आता माजं व्हईल का वो?' म्हनून दगडूला इचारलं. मग श्रीपतरावांस्नी इचारलं. कुणी बोललं न्हाई. मग भाईर येऊन तिनं खांबाला इचारलं."

"खांबाला?"

"व्हय. खांबाकडं बघून म्हनली, 'व्हईल का रं?' आन् हसली. चेष्टा म्हनून न्हवं मास्तर. तिला वाटलं आसंल, हेला इचारलं तरी तेवढंच."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. निवड झाली, हे आम्हां सर्वांना कळलं. श्रीपतराव माझ्या कानाशी म्हणाले, "आता रॉकेलवाला आपल्याला रीतभात शिकवणार!"

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की धान्याच्या पोत्यांवर बसून मास्तर त्यांना शिकवत. मी जवळच असल्यामुळं मला सगळं ऐकू येई. पहिला धडा होता, चारचौघांत कुणाची चूक काढायची नाही. दुसरा धडा पाव्हण्यांना फार जड गेला. दुसऱ्याचं काम आपण करायचं नाही. पाव्हण्यांना हात आवरतच नसत. एकदा श्रीपतराव एका बाईच्या अंगावर खेकसले, "हात लावू नकोस, मळेल." पाव्हणे पिंपावरून उठून धावले, आणि "बघू द्या की वो तिला" म्हणत त्यांनी स्वतःच तो तागा उचलून तिच्या पुढ्यात धरला. कापडावर त्यांच्या पाची बोटांचे रॉकेलचे डाग उठले. बाई पदर तोंडाला लावून हसली, श्रीपतराव लाल झाले, आणि मास्तरांनी पुढच्या बाजारी पाव्हण्यांना दिवसभर हात पाठीमागं बांधून उभं राहायला लावलं. "तू करून टाकलंस की ते तुझ्यावरच सोडून देतील. तू नसशील त्या दिवशी काय?" पाव्हणे तो दिवस ओठ चावत उभे होते. एका म्हाताऱ्याची थैली फाटून मीठ सांडलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. पण हात सोडले नाहीत. शेवटी दगडू चडफडत उठला आणि त्यानंच मीठ भरून दिलं.

'लांबचा आधी' हा नियम मात्र मास्तरांचा नव्हता, तो पाव्हण्यांचाच. "आधी आलेला आधी, हे शहरात ठीक हाय," ते म्हणत. "हितं जो पेठेतनं येतो तो सकाळीच येतो. जो डोंगरातनं येतो तेला पोचायलाच दुपार व्हती. मंग तेनं कवा घ्यावं आन् कवा जावं?" मास्तरांनी मान डोलावली आणि नियम सुरू झाला. सोपा होता तो. ज्याला सर्वांत लांब जायचं, त्याला सर्वांत आधी मोकळं करायचं.

श्रीपतरावांना तो पटला नव्हता. पाव्हण्यांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. फक्त मास्तरांच्या परवानगीनं एक रीत पाडली, की दुकानातल्या प्रत्येकानं एकदा तरी लांबच्या गिऱ्हाइकाला त्याच्या घरापर्यंत पोचवायला जायचं. पहिली पाळी श्रीपतरावांची लावली. सखाराम नावाच्या पासलीच्या शेतकऱ्याबरोबर ते रॉकेलचा डबा घेऊन निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी परतले ते वहाणा हातात घेऊन.

"काय म्हनतंय गाव?" दगडूनं डिवचलं.

"गाव कुठलं! प्रत्येक टेकाडावर चढलो की तो म्हणायचा, 'हे काय, आलंच.' असं रात्र पडेपर्यंत आलंच."

आम्ही हसलो. श्रीपतराव हसले नाहीत. थोड्या वेळानं कापडाच्या घड्या करता करता म्हणाले, "त्याच्या बायकोनं माझ्या पायांवर ऊन पाणी घातलं. गेल्या बाजारी मी त्याला दिवसभर पायरीवर बसवला होता. त्यानं ते घरी सांगितलं नव्हतं. बायकोला म्हणाला, 'दुकानातलं मोठं मानूस हाय, माझ्या सोबतीला आलंय.'"

त्यानंतर श्रीपतराव कुणावर खेकसल्याचं मला आठवत नाही. पुढं दगडू जाऊन आला, मी जाऊन आलो. दुकान बदललं. रोजचं होतं म्हणून ते चटकन लक्षात येत नसे, पण परगावचा माणूस आला की त्याला दिसायचं.

अण्णासाहेब नावाचे आमचे एक संचालक होते. पेठेतलं बडं प्रस्थ. त्यांचा गडी एकदा रिकामा डबा घेऊन उभा राहिला आणि पाव्हण्यांनी त्याच्या आधी एका धनगराला माप घातलं, म्हणून अण्णासाहेब स्वतः दुकानात आले. "माझा गडी ताटकळतो आणि तू बकरीवाल्याला आधी देतोस? ओळखतोस ना मला?"

"ओळकतो की, अण्णासाहेब. तुमचा वाडा हितनं दिसतुया." पाव्हण्यांनी बोट दाखवलं. "ह्येचा डोंगर न्हाई दिसत."

बोलले ते अगदी साध्या स्वरात, आणि ते बोलणं बोचेल हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. अण्णासाहेब काही न बोलता निघून गेले. मला मात्र त्या न बोलण्याची भीती वाटली.

पासलीच्या वरच्या अंगाला एक धनगरवाडा होता. तिथली भागाबाई तूप विकायला बाजारी यायची आणि परतताना आमच्याकडून मीठ, रॉकेल न्यायची. एकटी कधी येत नसे. तिच्या वाड्यावरची दोघंतिघं, खालच्या वाड्यांतली चारसहा, अशी ती सगळी माळ धरून यायची आणि माळ धरूनच जायची. श्रावणातली गोष्ट आहे. पाऊस थांबून थांबून पडत होता. त्या दिवशी भागाबाईच्या वाड्यावरचं दुसरं कुणी आलेलं नव्हतं; खालच्या वाड्यांतल्या माणसांबरोबर ती आली होती. दुकानात गर्दी होती. नियमाप्रमाणं तिचं सर्वांत आधी झालं. गाठोडं घेऊन ती वळचणीखाली पायरीवर टेकली.

पाव्हण्यांनी ते पाहिलं. "मावशे, तुमचं झालं न्हवं? आता निगा. आभाळ भरलंया."

"ही समदी येत्यात की," भागाबाई आत बघत म्हणाली.

"ती येतील मागनं. त्येंस्नी जवळच जायाचंय. तुमी लांबच्या."

ती "बरं" म्हणाली, पण उठली नाही. पाव्हण्यांनी दोन मापं घातली आणि परत बाहेर पाहिलं. "अजून हितंच? निगा माय माजी, उशीर करू नगा." फार प्रेमानं म्हणाले. घरच्या माणसाला म्हणावं तसं. भागाबाईनं एकदा आतल्या माणसांकडं पाहिलं, इरलं डोक्यावर घेतलं आणि ती निघाली.

बाकीची माणसं मागाहून गेली. वाटेतल्या ओढ्याला पाणी चढलं होतं, म्हणून ती अलीकडंच थांबून राहिली. भागाबाई पुढं गेलेली, तेव्हा ती पाणी चढायच्या आधीच पार झाली असणार असं त्यांना वाटलं. पण भागाबाई वाड्यावर पोचली नव्हती. इरलं दुसऱ्या दिवशी उंबराच्या मुळ्यांत अडकलेलं सापडलं, आणि ती बरीच खाली.

बातमी आली तेव्हा पाव्हणे पिंपापाशी नरसाळं धरून उभे होते. त्यांनी ते नीट जागेवर ठेवलं, हात पुसले आणि मास्तरांना म्हणाले, "म्या जाऊन येतो." मास्तरांनी मला बरोबर धाडलं. ओढा तेव्हा पोटरीभर पाण्याचा होता. अशा ओढ्यात माणूस वाहून जाईल असं वाटलंही नसतं.

भागाबाईचा मुलगा बिरू दाराशी बसला होता. आम्हांला पाहून तो उठला, घोंगडी अंथरली, बसा म्हणाला. पाव्हणे बसले नाहीत. हात जोडून उभे राहिले. "माज्यामुळं झालं," एवढंच म्हणाले.

बिरू शेळ्यांच्या वाड्याकडं बघत होता. रागावेल, अंगावर येईल असं मला वाटत होतं. पण त्याचा आवाज चढला नाही. "तुमी लई चांगलं वागता वो पाव्हणं," तो म्हणाला. "माय सांगायची. म्हनायची, आता दुकानात मान मिळतो. पर पूर्वी तुमी आमाला कुत्र्यागत बसवून ठेवायचा न्हवं, तवा आमाला समद्यांस्नी एकदमच सोडायचा. मंग आमी संगं माघारी यायचो. वढ्यात हाताला हात धरून उतरायचो. माय कदी एकली न्हाई आली."

पाव्हण्यांनी जोडलेले हात सोडले नाहीत.

"आन् तिला बसायचं व्हतं. खालच्या वाडीची मानसं सांगत व्हती. पर तुमी एवढं मायेनं जा म्हनता, मंग बसलं तर बरं दिसंल का? तिला वाटलं आसंल, आता बसनं चांगलं न्हाई."

त्यानं आम्हांला दूध दिलं. आम्ही प्यायलो. न पिणं वाईट दिसलं असतं.

त्या महिन्यात संचालकांची सभा दुकानातच भरली. अण्णासाहेबांनी फार बोलायची गरज नव्हती. "झाला का तुमचा लांबचा आधी?" एवढंच ते म्हणाले, आणि नियम मोडून टाकावा, पाव्हण्यांना कामावरून काढावं असं सुचवलं. मास्तर उठून उभे राहिले. पाव्हण्यांना काढलं तर आपणही जाऊ, असं त्यांनी सांगितलं. मग पाव्हण्यांना विचारलं गेलं, तुमचं काय म्हणणं? त्यांनी डोकं वर केलं नाही. "मला काढा," ते म्हणाले, "पर नियम ठिवा. चूक नियमाची न्हाई. म्या कुठं जायाचं इचारत व्हतो. संगं कोन हाय, हे कदी इचारलंच न्हाई."

अण्णासाहेबांनी सूचना मागं घेतली. नियम राहिला, पाव्हणेही राहिले. फक्त नियम थोडा बदलला. लांबच्या एकट्या माणसाला आधी सोडायचं नाही, त्याच्या वाटेची सगळी माणसं मोजून त्या साऱ्यांचं एकदम आधी करायचं. आणि ज्याचं झालं त्याला जा असं कधीच म्हणायचं नाही.

सांगायला हे सोपं वाटतं. पण आम्ही सगळेच भ्यालो होतो. दगडू तर म्हणाला, "न्हाई बाबा, ज्याचं त्यानं बघावं. आपुन चांगलं करायला जावं आन् मानूस मरावं!" काही दिवस पायरीवर परत पूर्वीसारखी माणसं बसू लागली. कुणी काही विचारत नव्हतं. श्रीपतरावांनी गज हातात धरून खाली मान घातलेली असायची.

तेव्हा पाव्हण्यांनी आम्हांला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं, आणि या वेळी ते स्वतः गिऱ्हाइकाशी बोलत नव्हते. पिंपापाशी उभे राहून आम्हांला खुणा करत. "श्रीपतराव, त्या कडेच्या दोघांस्नी इचारा, कुनाची वाट बघतायत का." "दगडू, ती बाई उठायला बघतीया, तिच्याकडं बघून हस जरा, म्हंजे बसंल." त्यांचे हात आता आपोआप पाठीमागं असत. मास्तर मला एकदा म्हणाले, "मी त्याला जे शिकवू पाहत होतो ते तो शिकला. अशा रीतीनं शिकायला नको होतं." एकदा मी पाव्हण्यांना विचारलं, "तुम्ही का बोलत नाही लोकांशी?" ते म्हणाले, "माज्या बोलन्यात लई गोडी हाय. समोरच्याला न्हाई म्हनायला जागाच ऱ्हात न्हाई." हे ते अभिमानानं बोलत नव्हते, दुखणं सांगावं तसं सांगत होते.

धनगरवाड्यावरचं माणूस मात्र दुकानात परत आलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही, येणं तेवढं बंद झालं. पुढं कळलं की ती माणसं आता मीठ-रॉकेलासाठी घाट उतरून कोकणात जातात. ती वाट आमच्या वाटेपेक्षा लांब, आणि किती अवघड ते पाहिलेल्यालाच ठाऊक. सखारामनं हे सांगितलं तेव्हा पाव्हणे माप भरत होते. माप भरून रॉकेल बाहेर वाहायला लागलं तरी त्यांचा हात थांबला नाही. दगडूनं हळूच येऊन माप त्यांच्या हातातून काढून घेतलं. बाजाराच्या दिवशी पासलीच्या बाजूनं माणसांची रांग दिसली की ते पिंप सोडून दारापर्यंत येत. माणसं जवळ आली, चेहरे ओळखू आले, की परत फिरत. वर्षांमागून वर्षं हे चाललं होतं.

खोकला त्यांना आधीपासून होता. तो वाढला. दिवाळीला गावी गेले ते आलेच नाहीत. अंथरूण धरलं असं कळलं. मास्तर आणि मी एकदा भेटून आलो. फार वाळले होते. दुकानाची गोष्ट निघाली तर त्यांनी कूस वळवली.

माघातल्या एका सकाळी पहिल्या एस.टी.नं त्यांचा पुतण्या सांगावा घेऊन आला. पाव्हणे पहाटेच गेले होते. तो आल्या एस.टी.नं परत गेला. नेमका बाजाराचा दिवस होता. मास्तर आता थकले होते; ते गल्ल्यावरून उठले आणि म्हणाले, "दुकान बंद करा. आपण सगळे जाऊ." मी दाराची फळी उचलली. श्रीपतरावांनी माझा हात धरला.

"मास्तर, केळदची माणसं आत्ताच येऊन बसलीत," ते म्हणाले. "रात्री निघालेली असतील. त्यांना परत पाठवायचं?"

मास्तर परत गल्ल्यावर बसले. मी फळी खाली ठेवली. केळदच्या माणसांचं झालं, पण त्यांच्यातली एक बाई दळण आणायला गेली होती, म्हणून ती तिची वाट बघत बसून राहिली. त्यांना जा म्हणता येईना. तेवढ्यात पासलीची माणसं आली. दगडूनं ती मोजून घेतली आणि सगळ्यांचं एकदम काढलं. कुणीही घाई केली नाही, आणि कुणाचं काही चुकलंही नाही. लोकांना आम्ही काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांतला एक म्हातारा पायरी उतरताना म्हणाला, "आज तुमचं कुनी गेलं का काय?" श्रीपतराव "व्हय" म्हणाले आणि त्यांनी त्याचं गाठोडं त्याच्या डोक्यावर ठेवून दिलं.

दुकान बंद केलं तेव्हा दुपारची एस.टी. निघून गेलेली होती. कोळशाची एक लॉरी नसरापूरकडं चालली होती, तिच्यात पोत्यांवर बसून आम्ही गेलो आणि तिथून पुढं चालत. वरव्याला पोचेपर्यंत दिवस मावळायला आला होता. माणसं नदीवरून परतली होती. अंगणात घोंगडीवर चार जण बसले होते, आणि पाव्हण्यांच्या मंडळी, पारूवहिनी, भिंतीला टेकून होत्या.

"सकाळीच सांगावा धाडला व्हता," त्या म्हणाल्या. "लई वाट बघितली. मंग लोक म्हनाय लागलं, किती येळ ठिवायचं."

श्रीपतराव पुढं झाले. त्यांच्या हातांना, सदऱ्याला कोळसा लागला होता. "बाजार होता, वहिनी. लांबची माणसं येऊन बसली होती. त्यांना सोडून निघता येईना."

पारूवहिनींनी आमच्याकडं एकेकाकडं करून पाहिलं. मास्तरांकडं, दगडूकडं, माझ्याकडं.

"पोरीच्या लग्नात हळद लागून गेली तवा आले व्हते ते," त्या म्हणाल्या. "सासू गेली, तवा राख गार झाली व्हती. दर येळंला हेच सांगायचे. लांबची मानसं व्हती." मग त्यांनी पदर सावरला. "आता तुमी बी तसलंच झालात."

त्या उठून आत गेल्या. त्यांच्या त्या बोलण्यात राग होता की आणखी काही होतं, हे मला इतक्या वर्षांनीही ठरवता आलेलं नाही.